गोठ्यातला ग्रीस

ग्रीस हा देश शाळेच्या नकाशात कुठंही दाखवू देत, खरा ग्रीस कोल्हापुरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आमच्या गवळ्याच्या गोठ्यात आहे. त्या देशाची महाराणी, राजपुरोहित, भाट आणि शेणघाण काढणारी या चारही जागा गवळ्याच्या एकुलत्या एका पोरीनं अडवून ठेवल्या आहेत. वय सोळा, दोन घट्ट वेण्या, पायात बापाचे गमबूट, एका हातात दुधाची किटली आणि दुसरा हात कायम हवेत, कारण तो कुणाच्या तरी डोक्यावर वीज टाकत असतो. माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. उभा जन्म लोकांची नातीगोती छापण्यात गेल्यामुळं कोण कुणाचा कोण हे मला कुणी शिकवू नये, असा माझा एक ताठा होता. हा ताठा या पोरीनं एका सकाळी अर्धा लिटर दूध घालता घालता उतरवला. झ्यूस नावाच्या त्यांच्या इंद्राची बायका-पोरं तिनं मला दारात उभ्या उभ्या मोजून दाखवली. आत तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मोजणी चालूच होती. "काका, अजून पलीकडच्या अंगाची ऱ्हायल्यात," असं म्हणून ती गेली आणि मी बिनदुधाचा चहा घेतला.

हे खूळ तिला लागलं पेंडीच्या दुकानात. सरकी पेंड आणायला गेलेली ही पोरगी दुकानदाराशी भांडून एक पुस्तक घेऊन आली. दुकानदार त्याची पानं फाडून पुड्या बांधत होता. सुरुवातीची बरीचशी पानं गिऱ्हाइकांबरोबर आधीच गेली होती, त्यामुळं जग कुणी निर्माण केलं एवढं सोडून तिला बाकी सगळं ठाऊक आहे. "जग कसं झालं ते पुडीत गेलं काका, पर त्येच्या फुडचं सगळं हाय," असं ती इतक्या निर्धास्तपणे सांगते की जगाच्या उत्पत्तीची एवढी चौकशी कशाला करायची, असं आपल्यालाही वाटू लागतं. पुढं मोबाइलवरून, शाळेच्या वाचनालयातून तिनं मिळेल ते वेचलं. पण मूळ पोथी तीच. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही, आणि पानापानाला पेंडीचा वास. आजही कुठं पेंडीचा वास आला की मला उगाचच ट्रॉयचं युद्ध आठवतं. आता माझ्या वयाच्या माणसाला हे शोभतं का? पण तक्रार करणार कुणाकडं?

सगळ्यात आधी म्हशींची बारशी झाली. गोठ्यात चार म्हशी, चारही पंढरपुरी, शिंगं पाठीपर्यंत गेलेली. त्यांना हीरा, अथीना, मेड्युसा आणि डिमीटर अशी नावं मिळाली. गोष्टीतल्या मेड्युसाकडं बघितलं की माणसाचा दगड होतो, हिच्याकडं बघितलं की ही लाथ घालते. हे नाव तेवढं सगळ्या गल्लीला एकदम पटलं. गवळ्याला आम्ही आण्णा म्हणतो. मुखदुर्बळ माणूस, दिवसाकाठी त्याच्या तोंडून जितके शब्द पडतात त्यापेक्षा जास्त शब्द मी एका पत्रिकेच्या पाकिटावर छापतो. तो म्हणाला, "म्हशीला नाव कशाला? हाक मारली तर ती काय ओ देणाराय?" पण पोरीनं सांगितलं की हीरा ही देवांची राणी, आणि तिकडचे कवी तिचं कौतुक करताना तिला 'गाईच्या डोळ्यांची' म्हणायचे. आण्णानं धार थांबवली, मान वर केली आणि म्हणाला, "गाईच्या? म्हशी बगितल्या नसतील त्यांनी. गरीब देश आसंल." तेव्हापासून ग्रीसबद्दल त्याच्या मनात एक कणव निर्माण झाली. हेरॅक्लिसच्या बाबतीत मात्र तो ऐकायला तयार नव्हता. वर्षानुवर्षं न काढलेला गोठा त्या पैलवानानं नदी वळवून एका दिवसात धुऊन काढला, ही गोष्ट पोरगी मोठ्या अभिमानानं सांगत होती. सिंह मारणं वगैरे ठीक, पण शेण काढणाऱ्या देवमाणसाबद्दल तिला आतून जिव्हाळा. आण्णा मात्र भडकला. "म्हंजे सगळं शेण नदीत घालवलं? गवऱ्या कुणी थापायच्या? शेतकऱ्याला एक गाडी दिली न्हाय? कसला पैलवान तो! तालमीत यू द्याय नगं त्येला." आठ दिवस तो त्या हेरॅक्लिसवर धुमसत होता. दूध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "तुमीच सांगा, बरोबर हाय का ह्ये?"

पोरीची गोष्ट सांगण्याची पद्धतही जगावेगळी. दूध घालायला निघाली की गल्लीच्या पहिल्या घरी ती गोष्ट सुरू करायची आणि शेवटच्या घरी संपवायची. मधे कुणासाठी थांबणं नाही, मागचं परत सांगणं नाही. ज्याच्या दारात जो तुकडा येईल तो त्याचा. पहिलं घर निवृत्त हवालदारांचं. त्यांना ग्रीसमधल्या फक्त सुरुवाती माहीत. तिथं सदानकदा कुणीतरी राजकन्या फुलं तोडायला निघते, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरतं, एवढ्यावरून हवालदारांचं मत झालं की देश चांगला आहे, फक्त पोरींना एकट्यानं फुलं तोडायला पाठवू नये. शेवटचं घर बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंचं. त्यांच्या वाट्याला नुसते शेवट. त्यांच्या दारात रोज सकाळी कुणीतरी मरतं, झाड होतं, नाहीतर आंधळं होऊन वनात जातं. "सकाळी सकाळी कसलं हो हे अभद्र," असं त्या म्हणायच्या, पण दार वाजायच्या आत पातेलं घेऊन उंबऱ्यात हजर. मी राहतो मधोमध. मला मिळाली फक्त भांडणं. का भांडतात ते माहीत नाही, कोण जिंकलं ते माहीत नाही. मी दार उघडतो तेव्हा वाद पेटलेला असतो आणि दार लावतो तेव्हाही तो विझलेला नसतो. शेवटी आम्ही तिघं संध्याकाळी हवालदारांच्या कट्ट्यावर बसून आपापले तुकडे जोडायला लागलो. हवालदार फिर्याद नोंदवायचे, मी मधली बाचाबाची सांगायचो आणि बाई निकाल द्यायच्या. चांगली तीन शहाणी, पिकल्या केसांची माणसं. पण त्या पोरीनं आमची ही दशा केली.

आता त्या पत्रिकेचं सांगतो. शाळेत काहीतरी प्रकल्प होता आणि ही माझ्याकडं आली. म्हणे, पाताळाचा राजा हेडीस आणि पर्सेफनी यांची लग्नपत्रिका छापून द्या. मी म्हटलं, पोरी, माझं यंत्र खेळणं आहे का? पण हट्ट म्हणजे हट्ट. शेवटी बसलो जुळवायला. चि. हेडीस. चि. सौ. कां. पर्सेफनी. विवाहस्थळ : पाताळ. वधूची आई डिमीटर, वडील झ्यूस इथपर्यंत ठीक चाललं. मग मी वराचे वडील विचारले आणि लक्षात आलं, की वर म्हणजे झ्यूसचा सख्खा भाऊ! मी चष्मा काढून ठेवला. "अगं, मामा असता तर आपल्याकडं कानडी सीमेच्या बाजूला चाललं असतं. पण सख्खा चुलता? ही पत्रिका माझ्या छापखान्यातून बाहेर पडणार न्हाई." ती म्हणाली, "म्हणून तर तिची आई बिथरली की काका! तुमी आईच्याच बाजूचे हाईसा." मग तळाला 'वधूच्या आईची या विवाहास संमती नाही' अशी ओळ टाकायच्या अटीवर मी छापली. असली ओळ मी जन्मात छापली नव्हती. खरं सांगतो, छापायला हवी होती अशा पत्रिका मात्र कैक निघाल्या हातून.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण त्या पत्रिकेच्या चार प्रती एका ऊसवाल्याच्या लग्नाच्या गठ्ठ्यात गेल्या. रंग तोच, गणपती तोच, कुणाच्या ध्यानात येणार? लग्नाच्या दिवशी सकाळी फेटा बांधलेले, धोतर नेसलेले हुपरीचे एक म्हातारे पावणे माझ्या दुकानाची पायरी चढले. पत्रिकेवर तळाला छापखान्याचं नाव असतं, त्यावरून शोधत आलेले. पत्रिका पुढं धरून म्हणाले, "पावणं, ह्ये पाताळ कुठल्या तालुक्यात येतंय? स्टँडवर इचारलं, कुणाला सांगाय येईना. आन् पोरीच्या आईची संमती न्हाय म्हंत्यात, मग आक्षता टाकायच्या का नगं?" मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात दुधाची रिकामी किटली हलवत ही पोरगी आली. तिनं पावण्यांना खुर्चीवर बसवलं आणि पर्सेफनीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी खरी पत्रिका शोधून काढली, रिक्षा बोलावली तरी म्हातारबुवा हलायला तयार नाहीत. तिकडं ऊसवाल्याच्या पोराच्या डोक्यावर अक्षता पडून, जेवणावळी उठायला आल्या आणि पावणे इकडं फेट्याच्या शेवटानं डोळे पुसत होते. जाताना मला दटावून गेले, "आसली लगीनं छापत जाऊ नगासा." पुढच्या आठवड्यात त्यांनी हुपरीहून चांदीचे पैंजण पाठवले, 'त्या पाताळातल्या पोरीला' म्हणून. ऊसवाला मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस कायम बाजूला. पोरीची आई. तिला आम्ही सगळे वैनी म्हणतो. गोठ्याच्या दाराशी बसून दूध गाळायचं, माप घालायचं, भांडी घासायची. पोरगी दोन हातांच्या अंतरावर बसून देवांचा ऑलिंपस पर्वत हादरवत असायची तेव्हा वैनी म्हणायच्या, "मला न्हाय कळत त्या गिरकांचं. फडकं दे." कधी हसल्या नाहीत, कधी रागावल्या नाहीत. आम्हाला वाटायचं, बिचारीच्या कानात काही शिरतच नाही.

मग डिमीटरचं रेडकू गेलं. जन्मून थोडेच दिवस झाले होते, एका सकाळी बघतात तो गार पडलेलं. डिमीटरनं धार चोरली. कास दगडासारखी टणक, हात लावू देईना, ओरडून ओरडून गल्ली डोक्यावर घेतली. आण्णानं गूळ-पेंड चारून बघितली, पाठ थोपटून बघितली, जुन्या माणसांनी सांगितलं म्हणून भुसा भरलेलं रेडकू करून पुढं ठेवलं. डिमीटरनं त्याला एकदा हुंगलं आणि शिंगावर घेऊन रस्त्यापल्याड भिरकावलं. ते हवालदारांच्या अंगणात जाऊन पडलं. सुई टोचून पान्हा आणणारे असतात, पण आण्णा त्यातला नाही. मग बाजारातला दलाल येऊन उभा राहिला. दूध न देणारी म्हैस कुठं जाते हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा ही पोरगी उठली, डिमीटरच्या तोंडाशी उकिडवी बसली आणि तिच्या नाकाला नाक लावून, गळ्याखाली खाजवत सांगू लागली, "ऐक. तुजं नाव ज्या देवीचं हाय ना, तिची बी पोरगी अशीच न्हेलती." गोष्ट जशी पुढं सरकली तशी म्हशीनं ओरडणं थांबवलं. देवीनं मशाल घेऊन पोरीला जगभर शोधलं, रानातलं पीक करपवून टाकलं, देवांशी भांडली, आणि शेवटी पाताळाचं दार उघडून पोरगी धावत आली, "आई, मी आले!" एवढे शब्द पडले आणि डिमीटरनं पान्हा सोडला. आण्णाला बादली आणायला धावावं लागलं. मी चरवी घेऊन तिथंच उभा होतो, डोळ्यांनी बघितलंय. मला विचाराल तर म्हशीला त्या पोरीचं खाजवणं आवडलं असणार, गोष्टबिष्ट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी गोष्ट न सांगता पोरीनं नुसतंच खाजवून बघितलं, तर मॅडमनी लाथेनं बादली उडवली. तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारेला तीच गोष्ट. मधे गाळायचं नाही, घाई करायची नाही. 'आई, मी आले' पर्यंत पोचलं की दूध. आणि धार लागली की गोष्ट तिथंच थांबायची, कारण मग बादली धरायला दोन हात लागायचे. दलाल हात हलवत परत गेला.

दहावी झाली आणि घोळ सुरू झाला. कुठल्याशा कथाकथन स्पर्धेत ही पोरगी उभी राहिली होती. वेळ संपल्याची घंटा वाजवायला ठेवलेल्या मास्तरांनी शेवटपर्यंत घंटा वाजवली नाही. विचारलं तर म्हणाले, विसरलो. तिथं वारणानगरच्या एक बाई परीक्षक होत्या. त्यांनी पोरीला आपल्या कॉलेजात बोलावलं. राहायची सोय, आणि नाटकाचं, गोष्टी सांगायचं रीतसर शिक्षण. कोल्हापुरातली पोरगी शिकायला वारणानगरला? लोक तिकडून इकडं येतात! गल्लीत सगळे हसले. पण मी त्या पोरीचं तोंड बघितलं होतं. उभ्या जन्मात तिनं काही मागितलं असेल तर एवढंच. आणि तीच म्हणत होती, "मी जाणार न्हाय. मी गेली तर डिमीटर आटंल. मग तो दलाल यील." आण्णा म्हणाला, "म्हशीपायी कोण शाळा सोडतंय? तू जा. म्हशीचं मी बगतो." काय बघणार होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. वैनींनी पिशवी भरली. पैंजण काढून ठेवायला सांगितले, वसतिगृहात चालत नाहीत म्हणून, आणि ते आपल्या पेटीत ठेवले. बस एवढंच.

पहिल्या सकाळी फोन लावला. पोरगी तिकडून गोष्ट सांगतेय, आण्णानं फोन म्हशीच्या कानाला धरलेला. डिमीटरनं आधी कान टवकारले, मग पोरीला शोधत दावं ताणलं, दाराकडं बघून हंबरली, आणि शेवटी चिडून फोन जिभेनं ओढून आंबोणाच्या घमेल्यात टाकला. तिकडं पोरगी 'हॅलो, आण्णा, धार सोडली का' ओरडतेय, इकडं पेंडीत बुडबुडे. मग आण्णानं घसा खाकरला. जन्मात गोष्ट न सांगितलेला माणूस म्हणाला, "येक बाई हुती. तिची पोरगी न्हेली. मग आणली. सोड दूध." म्हशीनं त्याच्याकडं असं बघितलं की मलाच त्याची लाज वाटली.

तो दिवस गेला, पुढचा गेला. कास सुजायला लागली. दलालाचा निरोप आला. आणि आण्णानं जे केलं ते त्याच्या घराण्यात कुणी केलं नसेल: त्यानं गल्लीतल्या दारांवर जाऊन मदत मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गोठ्यात हजर. कारण ही गोष्टसुद्धा पोरीनं गल्लीत तिच्या पद्धतीनंच वाटली होती, ज्याच्या दारात जो तुकडा. हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हशीला सांगितलं, "सदर मुलगी फुलं तोडत असताना जमीन दुभंगून इसम हेडीस रथातून वर आला आणि तिला जबरीनं घेऊन गेला." डिमीटर ऐकत होती. मग माझी पाळी. मी म्हशीपुढं उभा राहून देवांचं भांडण सांगितलं. आयुष्यभर पत्रिका छापल्या, शेवटी हे दिवस आले. पण भांडण मात्र मी रंगवलं, खोटं कशाला बोलू? पीक करपलं, झ्यूस पाया पडायच्या बेताला आला. मग बँकवाल्या बाई पदर खोचून पुढं झाल्या आणि "आई, मी आले!" असं इतक्या गळा काढून ओरडल्या की अथीना आणि मेड्युसानंसुद्धा दूध सोडलं. डिमीटरनंही सोडलं. आण्णा बादली धरून म्हशीखाली बसला आणि ढसाढसा रडला. मला त्याच्याकडं बघवेना.

इथंच थांबलो असतो तर बरं. पण बाई शेवटाच्या मालकीण. त्यांना अर्धं सोडवतं कुठलं? धार चालू असताना त्यांनी पुढचं सांगून टाकलं, जे गोठ्यात आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. की पोरगी आली खरी, पण पाताळात असताना तिनं डाळिंबाचे चार दाणे तोंडात टाकले होते. तिथलं ज्यानं खाल्लं तो तिथला झाला. म्हणून दरवर्षी काही महिने तिला परत जावं लागतं, आणि ती गेली की आई रानात काही उगवू देत नाही. दाराशी दूध गाळणाऱ्या वैनींचा हात थांबला. "म्हंजे, आलेली पोरगी परत जाती?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "जावंच लागतं हो. दाणे खाल्ले ना." फडक्यातून दूध सांडून पायावर गेलं तरी वैनींना कळलं नाही.

पुढच्या रविवारी वैनी पोरीला भेटायला वारणानगरला निघाल्या. आण्णाला म्हशी सोडवत नाहीत, म्हणून सोबतीला मी. एसटीत वैनी खिडकीशी बसल्या. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. वसतिगृहाच्या फाटकात पोरगी धावत आली, आईला मिठी मारली, आणि पुढं अर्धा तास तोंडाला खळ नाही. नाटकाची खोली एवढी मोठी हाय, हितल्या बाई लई भारी हाईत, गोष्टीतल्या ईडिपस राजाला मी आंधळं केलं तर दोन पोरी रडल्या, काय आणि काय. माझा जीव कसा थंड झाला म्हणून सांगू! ती जिथं असायला हवी तिथं पोचली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वैनींनाही दिसत होतं. निघायची वेळ झाली. त्यांनी पोरीच्या वेण्या उगाच घट्ट केल्या, गाल पुसला, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकता टाकता मागं वळून म्हणाल्या, "हितं काय बी खा. पर डाळिंब खाऊ नगंस."

कुठल्याही विषयावर तासभर बोलू शकणारी ती पोरगी. हात नेहमीसारखा हवेत गेला होता, तो तसाच खाली आला. "व्हय आई," एवढंच म्हणाली. मी रस्त्यापलीकडच्या झाडाकडं बघत उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

आता गोठ्यात आण्णाच गोष्ट सांगतो. शिकला बिचारा. त्याच्या गोष्टीत झ्यूस सरपंच आहे, हेडीसकडं ट्रॅक्टर आहे, आणि देवी पोरीला शोधत शहराबाहेरच्या कळंब्यापर्यंत जाऊन येते. 'आई, मी आले' म्हणताना त्याचा आवाज बारीक होतो, तेव्हा मी चरवीकडं बघतो. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही; बँकवाल्या बाईंनी एकदा तोंड उघडलं होतं, तर वैनी म्हणाल्या, "हितवरच बास. दूध आलं की." गल्लीत आता दूध मुकाट्यानं येतं. दार उघडलं की समोर आण्णा, माप घालतो, जातो. मला माझं रोजचं भांडण फार आठवतं. ती पोरगी फार आठवते, हे लपवून काय करू?

परवा तिचा फोन आला. आधी मेसच्या जेवणावर भरपूर बोलली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, काल जेवणात दहीभात हुता. वर डाळिंबाचे दाणे. मी एकेक वेचून ताटाच्या कडंला ठेवला. पोरी हसालत्या, बाईंनी इचारलं ॲलर्जी हाय का? मी व्हय म्हटलं. खरं काय, नुसती गोष्टच हाय की ती, मला कळतंय. आईला सांगू नगासा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णाची वाट न बघता मीच गोठ्यात गेलो आणि चरवी पुढं करायच्या आधी वैनींना सांगून टाकलं. माझं माप घालून झालं, आणि मग त्यांनी वरून आणखी थोडं दूध ओतलं.